गजकर्ण, चिखल्या अन् शिबं: झाडपाल्यातलं काय लावायचं, कसं लावायचं अन् काय चुकूनबी लावायचं नाही

मृगाचा पाऊस पडला की आमच्याकडं दोन गोष्टी सोबतच उगवतात, बांधावर तरोटा अन् जांघेत गजकर्ण. मंग सल्ले सुरू. कुणी म्हणतं तरोट्याचा पाला चोळ, कुणी म्हणतं लसूण ठेचून बांध, कुणी म्हणतं बिब्बा टेकव, आन तालुक्याच्या गावात मेडिकलवर गेलं की काउंटरवरचा पोरगा न विचारता एक ट्यूब हातात देतो. त्यातलं काय खरं काय खोटं हे नीट कुणी सांगत नाही म्हणून हे लिहायलोय. आधीच सांगतो, मी झाडपाल्याच्या विरोधात नाही. वनस्पतीत बुरशी मारणारे पदार्थ आहेत आन ते लॅबमध्ये सिद्ध झालेले आहेत. पण पाला वेगळा आन त्या पाल्यातला पदार्थ मोजून मापून काढून ठराविक टक्क्यात लावणं वेगळं, अर्धा घोळ इथंच होतो.

आधी ते बुरशीच आहे का ते बघा

गोल चट्टा, कडा लालसर उचललेली, कडेला खपल्या, मधला भाग जरा साफ झालेला, घाम आला की जीव जाईल एवढी खाज, हे गजकर्ण म्हणजे नायटा. पायाच्या बोटांच्या बेचक्यात पांढरी पडलेली, भिजलेली, वास येणारी कातडी म्हणजे चिखल्या. पाठीवर, मानेवर, छातीवर फिकट नाहीतर तपकिरी ठिपके, नखानं खरवडलं की बारीक कोंडा निघतो, खाज फारशी नाही, ते शिबं. नख जाड, पिवळं आन भुसभुशीत झालं असंल तर नखाची बुरशी असू शकते.

आता गडबड कुठं होते ते सांगतो. रात्री झोपताना खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ आहे आन घरातले सगळेच खाजवायलेत, तर ती खरूज आहे, तो किडा असतो, बुरशी नाही, त्याला हे कुठलंच औषध चालणार नाही. कोपर-गुडघ्यावर चंदेरी खपल्या असल्या तर सोरायसिस असू शकतो. आन फिकट नाहीतर लालसर चट्टा आहे, खाज अजिबात नाही आन तिथं टाचणी टोचली तरी कळत नाही, तर एक दिवसबी न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं, त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आन वेळेवर घेतलं तर पूर्ण बरं होतं.

ती ट्यूब उलटी करून वाचा

झाडपाल्याकडं जायच्या आधी हे. घरात जी ट्यूब पडलेली आहे तिच्या मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मोबाईलचा फोटो काढून मोठं करून वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेटासोन यातलं एक जरी नाव दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे. हे लावलं की दोन दिवसात खाज गायब, माणूस खूश. पण स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती झोपवतं, लाली कमी दिसते आन बुरशी आतल्या आत मोकाट पसरते. मंग चट्ट्याचा आकारच बदलतो, गोल राहत नाही, डॉक्टरला सुद्धा ओळखायला अवघड जातं. जांघेत जास्त दिवस लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते आन पांढऱ्या-जांभळ्या भेगा पडतात, त्या नंतर जात नाहीत. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी कातडीवर लावायची बरीच स्टेरॉइडं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी मिळतात, तुम्हाला माहिताय.

असली ट्यूब चालू असंल तर ती बंद करा, आन बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज जास्त भडकणार हे डोक्यात ठेवा. याच वेळी लोक घाबरून परत तीच लावतात. भरपूर महिने लावलेली असंल तर स्वतःच्या मनानं काही न करता कातडीच्या डॉक्टरला दाखवून बंद करा.

एरंडीचं उदाहरण घेऊ

एरंडेल तेल चोळल्यानं गजकर्ण जातं असं म्हणणारे म्हातारे गावोगाव भेटतील. खरं म्हणजे एरंडीपासून बुरशीचं औषध बनतं, हे खोटं नाही. एरंडेलात जवळजवळ नव्वद टक्के रिसिनोलेइक ॲसिड असतं, ते कारखान्यात प्रचंड तापवून फोडलं की अनडेसिलेनिक ॲसिड मिळतं आन ते पायाच्या बुरशीवर जगभर पावडर-मलमात वापरलं जातं. पण घरच्या बाटलीतल्या तेलात ते नसतं. म्हणजे म्हातारा झाडाबाबत बरोबर आन तेलाबाबत चूक.

तसंच व्हिटफिल्ड मलमाचं. सहा टक्के बेंझोइक ॲसिड आन तीन टक्के सॅलिसिलिक ॲसिड, शंभर वर्षांहून जुना नुस्खा, अजूनबी स्वस्तात मिळतो. बेंझोइक ॲसिड पहिल्यांदा मिळालं ते लोबानापासून, आपण ऊद म्हणून जाळतो तोच, आन सॅलिसिलिकचा धागा विलो नावाच्या झाडाच्या सालीपर्यंत जातो. एक बुरशी आवरतं, दुसरं मेलेली कातडी सोलून काढतं. तळपायाच्या जाड कातडीवर हे चांगलं काम करतं, पण जांघेत, चेहऱ्यावर नाहीतर लहान लेकरांना लावायचं नाही, आग होते.

बुरशीच्या पेशीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, माणसाच्या पेशीत त्याजागी कोलेस्टेरॉल असतं. क्लोट्रिमॅझोल, टर्बिनाफिन ही औषधं बुरशीला अर्गोस्टेरॉल बनवूच देत नाहीत. ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, टी ट्री तेलातलं टर्पिनेन-४-ऑल हे पदार्थ तो पडदाच ढिला करून त्याला गळती लावतात. काचेच्या ताटलीत हे सगळे भारी काम करतात. पण ताटलीत बुरशी चोवीस तास त्या पदार्थात बुडालेली असते, आन तुमच्या जांघेत दहा मिनिटात घाम येऊन सगळं वाहून जातं. "लॅबमध्ये बुरशी मेली" असा व्हिडिओ दिसला की आधी हे आठवा.

चिखल्यांसाठी काय करायचं

झाडापासून आलेल्या गोष्टींना इथं सगळ्यात जास्त वाव आहे, कारण तळपायाची कातडी दणकट असते.

टी ट्री तेल हे ऑस्ट्रेलियातल्या झाडाचं, आता ऑनलाइन कुठंबी मिळतं. यावर माणसांवर केलेले अभ्यास आहेत. १९९२ च्या एका अभ्यासात दहा टक्क्याच्या क्रीमनं खाज-खपल्या कमी झाल्या पण बुरशी जाण्याच्या बाबतीत ती नुसत्या साध्या क्रीमपेक्षा वरचढ ठरली नाही. मंग २००२ मध्ये २५ आन ५० टक्के घेऊन बघितलं, चार आठवडे, दिवसातून दोनदा, तेव्हा ५० टक्केवाल्यात ६४ टक्के लोकांची बुरशी गेली, तुलनेसाठी औषध नसलेलं नुसतं पातळ लावलेल्यांत ३१ टक्के. म्हणजे फरक पडतो पण टक्केवारी लागते. आन त्यातल्या काही जणांच्या पायावर त्या तेलानंच पुरळ उठलं हेबी तेवढंच खरं.

घरी करायचं तर २५ टक्क्यावर थांबा. एक भाग टी ट्री, तीन भाग खोबरेल, म्हणजे पाच मिली टी ट्री असंल तर पंधरा मिली खोबरेल. मेडिकलमध्ये लेकरांच्या औषधाची मापाची सिरिंज मिळते, तिनं मोजा, अंदाजे ओतू नका. आधी हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावून दोन दिवस वाट बघा, लाल झालं, खाज सुटली तर हे तेल तुमच्यासाठी नाही, विषय संपला. चाललं तर पाय धुवून, बेचक्या कापडानं टिपून पूर्ण कोरड्या करून सकाळ-संध्याकाळ चार आठवडे. भेगा पडलेल्या, रक्त येणाऱ्या जागी लावायचं नाही. बाटली घट्ट बंद करून अंधारात ठेवा, जुनं झालेलं हवा लागलेलं तेल जास्त ॲलर्जी करतं. हे तेल पोटात गेलं तर विषारी आहे, लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

लसणाचं म्हणाल तर अजोईन नावाचा पदार्थ आहे, लसूण ठेचल्यावर जे ॲलिसिन तयार होतं त्यातून तो बनतो. व्हेनेझुएलात फक्त ०.४ टक्के अजोईनचं क्रीम पायाच्या चिखल्यांना लावून बघितलं, ३४ जणांत बहुतेक जण एका आठवड्यात आन उरलेले दुसऱ्या आठवड्यात बरे झाले. ऐकायला भारी वाटतं. पण माणसांची संख्या छोटी, आन मुख्य म्हणजे ते शुद्ध करून मोजलेलं क्रीम होतं. आपण काय करतो, चार पाकळ्या ठेचून पायावर ठेवतो, वरून फडकं बांधतो आन झोपतो. सकाळी तिथं फोड आलेला असतो, कारण कच्चा लसूण कातडी अक्षरशः भाजतो. लसूण चटणीत घाला, पायावर नको.

लिंबाचा पाला, म्हणजे कडुलिंबाचा, मूठभर घेऊन एक लिटर पाण्यात उकळायचा, गार करून गाळून त्या पाण्यानं पाय धुवायचे. हे करायला काही हरकत नाही, खाज शांत होते, पाय साफ राहतात. पण याच्यानंच बुरशी जाईल असं धरून बसू नका. आन धुतल्यावर पाय कोरडे केले नाहीत तर सगळं वाया. कडुलिंबाचं तेल लहान लेकरांना पोटात कधीच द्यायचं नाही, त्यानं लेकरं गंभीर झाल्याच्या नोंदी आहेत.

रोपं लावताना, पाणी भरताना चिखलात उभं राहावं लागतं, ते टाळता येत नाही, मान्य. रात्री तरी पाय कोरडे ठेवा, प्लॅस्टिकचा बंद बूट घरात आल्या आल्या काढा.

जांघेतलं आन अंगावरचं गजकर्ण

इथं मी स्पष्ट बोलतो, मुख्य औषध क्रीमच ठेवा, झाडपाला फार तर सोबतीला. जांघेतली कातडी पातळ असते, तिथं टी ट्री, निलगिरी, लवंग तेल असलं काही लावायचं नाही. साधं एक टक्का क्लोट्रिमॅझोल घ्या, ज्यात दुसरं काहीच मिसळलेलं नाही ते. लावायची पद्धत दोनच्या हिशोबानं लक्षात ठेवा. चट्ट्याच्या कडेपासून दोन सेंटिमीटर बाहेरपर्यंत, दिवसातून दोन वेळा, आन चट्टा दिसायचा बंद झाल्यावर अजून दोन आठवडे. बुरशी कडेला जिवंत असते, लोक मधोमध लावतात. आन खाज थांबली की ट्यूब फेकतात, मंग पंधरा दिवसात परत हाजिर.

आता तरोटा. याच्या बियांत क्रायसोफॅनॉलसारखे अँथ्राक्विनोन जातीचे पदार्थ असतात, त्याचाच भाऊबंद असलेल्या दादमर्दन झाडाच्या पाल्यातबी. दादमर्दनचा पाला फिलिपिन्समध्ये सरकारी आरोग्य खात्यानं मान्यता दिलेल्या दहा औषधी वनस्पतींपैकी एक आहे, तिथं त्याचं लोशन मिळतं. म्हणजे आपल्या आज्ज्या उगीच बोलत नव्हत्या. अडचण एवढीच की हे पदार्थ पाण्यात नीट उतरत नाहीत, त्यामुळं नुसता पाला चुरगळून रस चोळला तर काम करणारा माल थोडाच मिळतो, आन किती मिळाला हे कळायला मार्ग नाही. तरी करून बघायचं असंल तर हाता-पायावरचा एखादाच छोटा चट्टा धरा, बिया आंबट ताकात रात्रभर भिजवून बारीक वाटा, पातळ थर वीस मिनिटं ठेवा, धुवून कोरडं करा. क्रीम आन हे एकाच वेळी नाही, मध्ये काही तास जाऊ द्या. आग झाली तर लगेच बंद. दोन आठवड्यात कड मागं सरकली नाही तर नाद सोडा.

हळदीबद्दल आमच्याकडं बोलायची सोय नाही, वसमतची हळद आहे म्हटल्यावर ती सगळ्यावर औषध. कर्क्युमिन बुरशीवर काम करतं, ताटलीत. कातडीत ते नीट शिरत नाही आन पाण्यातबी विरघळत नाही, वरच्या वर पिवळं करून बसतं. नुकसान फारसं नाही, पण डॉक्टरला चट्ट्याचा खरा रंग दिसत नाही, म्हणून दाखवायला जायच्या आदल्या दिवशी लावू नका.

शिबं असंल तर तेल बंद

हे फार कमी जणांना माहीत असतं. शिब्याची बुरशी मॅलॅसेझिया, ती स्निग्ध पदार्थांवर जगते, लॅबमध्ये तिला वाढवायचं तर तेल घालावं लागतं. आन आपण पाठीवर ठिपके दिसले की खोबरेल, करंज तेल, कडुलिंबाचं तेल चोळतो, म्हणजे तिला जेवू घालतो. डोक्यातल्या कोंड्यातबी हीच बुरशी असते. इथं तेलावर आधारित कुठलाच घरगुती उपाय नको. केटोकोनॅझोल नाहीतर सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू अंगावर लावून पाच-दहा मिनिटांनी धुवायचा, किती दिवस ते डॉक्टर नाहीतर बाटलीवरचं बघून. बुरशी मेल्यावरसुद्धा फिकट ठिपके कितीतरी महिने तसेच दिसतात, कातडीचा रंग भरून यायला वेळ लागतो. खरवडल्यावर कोंडा निघत नसंल तर औषध वाढवायची गरज नाही, वाट बघा.

हे कुणी कितीबी सांगितलं तरी लावायचं नाही

बिब्बा. बिब्ब्याच्या तेलानं कातडी जळते, फोड येतात, काळे डाग राहतात आन काहींना सगळ्या अंगावर ॲलर्जी उठते. गावात याची खूण घेऊन फिरणारे लोक दिसतील तुम्हाला.

रुईचा चीक. कातडी भाजतोच, पण हात तसाच डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा होते.

ओव्याचं फूल, म्हणजे दुकानात मिळणारे ते स्फटिक. ते जवळजवळ शुद्ध थायमॉल असतं, तेलात विरघळवून जांघेत लावणारे बहाद्दर आहेत, आग अशी होते की उड्या मारायला लागतो माणूस. लवंग-दालचिनीचं शुद्ध तेलबी त्याच पंक्तीत.

बावची नाहीतर खायच्या लिंबाचा रस लावून उन्हात जाणं. दोन्हीत असे पदार्थ आहेत की ऊन लागलं की कातडी भाजून काळी पडते. आपल्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको.

रॉकेल, बॅटरीचं पाणी, फिनेल. यावर मी काही लिहीत नाही.

घरातून बुरशी काढायची कशी

औषध बरोबर असून परत परत होतं त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. एका घरात एक टॉवेल, तो दोरीवर ओलाच. ज्याला झालंय त्याचा टॉवेल, चड्डी, बनियन वेगळं, गरम पाण्यात धुवायचं, उलटं करून कडक उन्हात वाळवायचं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची वेळ असते, तेव्हा सगळं रोज धुवा म्हणणं सोपं आहे, तर निदान आतले कपडे तेवढे रोज धुवा, जीन्स राहू द्या. तसं बघितलं तर आपल्या हवेत जीन्सच नको, सैल सुती घाला.

करदोडा. कमरेचा काळा दोरा वर्षानुवर्षं तोच, घामानं भिजलेला, त्याच्याखाली गजकर्णाचा पट्टा उठतो. उपचार चालू आहे तोवर काढून ठेवा, बरं झाल्यावर नवा बांधा, देव कोपत नाही.

घरात आजून कुणाला असंल तर सगळ्यांचा उपचार सोबतच. गोठ्यातबी नजर टाका, वासराच्या डोळ्याभोवती, मानेवर राखाडी जाड खवले दिसले तर तेबी गजकर्णच असतं आन धार काढणाऱ्याच्या हाताला लागतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं सगळ्यात अवघड, कोपीत राहायचं, पहाटं ओल्या उसात शिरायचं, जाताना साध्या क्लोट्रिमॅझोलच्या दोन-तीन ट्यूबा आन एक जास्तीची सुती चड्डी सोबत न्या.

घरचे उपाय सोडून सरळ दवाखाना कधी

लेकराच्या डोक्यात चट्टा पडून केस तुटायलेत, तर वरून काहीच लावून उपयोग नाही, बुरशी केसाच्या मुळात असते, गोळीच लागते. नखाचंबी बहुतेक तसंच, नख पूर्ण नवं यायला पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष जातं, धीर धरा. शुगर असंल तर पायाच्या चिखल्यांवर प्रयोग करायचे नाहीत, त्या भेगेतून जिवाणू शिरून पाय सुजतो. गरोदर बाई, सहा आठवड्यांत न बसलेलं गजकर्ण, अर्ध्या अंगावर पसरलेलं गजकर्ण, हे सगळे डॉक्टरचे विषय. आपल्या देशात टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी पसरलेली आहे, त्यामुळं शेजाऱ्याची गोळी तुम्हाला लागू होईलच असं नाही, आन इट्राकोनॅझोल असल्या बुरशीवरच्या गोळ्या बाकीच्या औषधांशी भांडतात. २०२१ ला कोरोनानंतर जी काळी बुरशी आली होती ती पूर्ण वेगळी, नाक-डोळ्याकडून आत जाणारी, त्यात झाडपाल्याचा एक तासबी घालवायचा नसतो.

संभाजीनगरचं घाटी, लातूर, नांदेड, अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज, इथं कातडीची ओपीडी असते. खपली खरवडून त्यावर केओएच नावाचं रसायन टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, बुरशी आहे की नाही ते लगेच कळतं. जायच्या आधी काही दिवस चट्ट्यावर काहीच लावू नका नाहीतर तपासणीत बुरशी सापडत नाही, आन आजवर जेवढ्या ट्यूबा, तेलं, पुड्या लावल्या त्या सगळ्या पिशवीत घालून सोबत न्या, बिब्बा लावला असंल तर तेबी सांगा.